भाकीत की अनुमान? गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील लसिकाग्रंथीविषयक लेखनाची समीक्षा

प्रास्ताविक

गेल्या पंधरा-वीस वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांमध्ये एका विशिष्ट प्रकारचे लेखन झपाट्याने वाढले आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असलेल्या काही शे स्त्रियांच्या नोंदी घ्यावयाच्या, गाठीचा आकार, वय, रक्ततपासणीतील एखादा घटक, एमआरआयच्या प्रतिमा ह्यांची गणिती मांडणी करावयाची आणि शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावयाचे की, अमुक स्त्रीच्या ओटीपोटातील लसिकाग्रंथींत रोग पोहोचला असण्याची शक्यता शेकडा इतकी आहे. चीन व कोरियातील रुग्णालयांकडून असे लेख मोठ्या संख्येने येतात, युरोपातूनही येतात. कोणी त्यासाठी मोजपट्टीसारखा आलेख देतो, कोणी संगणकाला प्रतिमा वाचावयास शिकवतो. प्रस्तुत लेखात ह्या लेखनप्रकाराची समीक्षा करावयाची आहे.

येथे मर्यादा प्रथमच स्पष्ट केलेली बरी. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा नव्हे, भाषेचा अध्यापक आहे. कोणावर कोणता उपचार व्हावा हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा होय. परंतु हे सारे लेखन शब्दांत आणि आकड्यांत केलेले असते आणि ते शब्द आज ना उद्या आपल्या दारापर्यंत येतात. भालकीसारख्या ठिकाणी एकाच घरात मराठी, दखनी आणि कन्नड बोलली जाते. रुग्णालयाचा कागद मात्र इंग्रजीत असतो आणि तो समजावून घेण्यासाठी माणसे महाविद्यालयातील शिक्षकाकडे येतात. कागदावरचा शब्द मूळचाच निसरडा असेल तर भाषांतर करणाऱ्याने काय करावे, असा हा प्रश्न आहे.

अवधाण, गिल्टी, गाठ

मराठीत ‘गाठ’ हा एकच शब्द फार ओझे वाहतो. कर्करोगाची गाठ, काखेतली गाठ, दोरीची गाठ, लग्नगाठ. त्यामुळे ‘गाठीतून रोग गाठींत गेला आहे का?’ असे विचित्र वाक्य तयार होते आणि ऐकणाऱ्या बाईला काहीच उलगडत नाही. पुस्तकी मराठीत ‘लसिकाग्रंथी’ आहे, पण तो पुस्तकाबाहेर क्वचितच पडतो. उर्दूत ‘ग़दूद’ म्हणतात, तोही शिकलेल्यांचा शब्द.

बोलीत मात्र ह्यासाठी नेमका शब्द आहे. पायाला जखम झाली, काटा रुतून पिकला की जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपल्याकडे ‘अवधाण’ म्हणतात. उर्दू-दखनी घरांत ‘गिल्टी’ म्हणतात. पायाची जखम भरली की अवधाण बसते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे ज्ञान अगदी खरे आहे. लसिकाग्रंथी ही वाटेवरची चौकी होय. एखाद्या भागातून निघणारा पातळ द्रव लसिकावाहिन्यांतून तिच्यापर्यंत येतो, तेथे गाळला जातो आणि काही घातक आले तर चौकी फुगते. जंतू आले तरी फुगते, कर्करोगाच्या पेशी आल्या तरी फुगू शकते.

फरक दोन. पहिला असा की, गर्भाशयमुखाची चौकी जांघेत नसते. तिच्या ग्रंथी ओटीपोटात खोल, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने असतात, पुढची रांग पोटात महाधमनीच्या बाजूने वर जाते. त्यामुळे जांघ चाचपून ‘काही नाही’ असे समाधान करून घेण्यात अर्थ नाही. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. कर्करोगाच्या थोड्याशा पेशी ग्रंथीत पोहोचल्या तर ग्रंथी फुगतेच असे नाही. सीटी किंवा एमआरआय प्रामुख्याने आकार पाहते. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा मोठी ग्रंथी संशयास्पद मानतात. म्हणजे लहान ग्रंथीत दडलेला रोग सुटतो आणि साध्या सुजेची मोठी ग्रंथी उगीच संशयात सापडते. आपल्या देशात क्षयरोग घरोघरचा. क्षयाच्या ग्रंथी पेट स्कॅनमध्येही कर्करोगासारख्या उजळून दिसू शकतात. ज्या रुग्णालयात क्षय विरळा आहे तेथे तयार केलेल्या गणिताला ही गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नाही.

प्रश्न का महत्त्वाचा

ग्रंथींत रोग आहे की नाही ह्यावर उपचाराची दिशा ठरते. गाठ लहान आणि गर्भाशयमुखापुरती मर्यादित असेल तर शस्त्रक्रिया करतात, तीत ओटीपोटातील लसिकाग्रंथीही काढून तपासतात. ग्रंथींत रोग निघाला तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि सोबत औषधोपचार द्यावा लागतो. तो दिल्याने जगण्याचे प्रमाण वाढते हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीने दाखवले. पण मग त्या स्त्रीला दोन्ही उपचारांचा त्रास सोसावा लागतो. ग्रंथींत रोग आहे हे आधीच कळले असते तर पुष्कळदा थेट किरणोपचाराकडे नेता आले असते. उलट बाजूने, लहान गाठ असलेल्या बहुतेक स्त्रियांच्या ग्रंथी निर्दोष निघतात. त्या सगळ्या काढल्याने काहींचे पाय कायमचे सुजतात. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट नव्हे.

तेव्हा आधी अंदाज घेण्याची धडपड वाया आहे असे म्हणता येणार नाही. पहिल्या ग्रंथीचा शोध घेऊन तेवढीच तपासण्याची रीतही ह्याच धडपडीतून आली. रंगद्रव्य टोचून ते कोणत्या ग्रंथीत आधी पोहोचते हे पाहतात. आक्षेप धडपडीवर नसून तिच्या भाषेवर आणि तिच्या दाव्यांवर आहे.

भविष्य नव्हे, दडलेला वर्तमान

इंग्रजीत ह्या लेखांच्या शीर्षकांत ‘प्रेडिक्शन’ हा शब्द असतो. वर्तमानपत्री मराठीत त्याचे ‘भाकीत’ होते, उर्दूत ‘पेशगोई’. दोन्ही शब्द भविष्याकडे बोट दाखवतात. भाकीत पावसाचे असते, निवडणुकीचे असते. ते ऐकणाऱ्याच्या मनात असे बसते की, रोग अजून पसरलेला नाही, पुढे पसरेल किंवा पसरणार नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी, त्या क्षणी, त्या स्त्रीच्या ग्रंथींत रोग एक तर आहे किंवा नाही. पुढे काय होईल हे कोणी सांगत नसते. जे आज आहे पण दिसत नाही त्याचा माग काढला जात असतो.

ह्यासाठी आपल्या परंपरांत जुने आणि नेमके शब्द आहेत. न्यायशास्त्रात ‘अनुमान’. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून न दिसणारा अग्नी ओळखतात. अग्नी आताच आहे, उद्या लागणार असे नव्हे. उर्दूत ‘क़ियास’ आहे. ‘अनुमान’ म्हटले की दुसरा प्रश्नही आपोआप येतो: धूर आहे तेथे अग्नी असतोच हे कशावरून ठरवले? कोणत्या डोंगरावर पाहून ठरवले? ‘भाकीत’ म्हटले की हा प्रश्न विचारला जात नाही, भाकीत खरे ठरण्याची वाट पाहिली जाते.

ही केवळ शब्दांची कुरबुर नाही. ‘पसरण्याची शक्यता शेकडा पाच’ असे ऐकून आलेली बाई ‘मग थांबून बघू’ म्हणते. ‘दडलेला असण्याची शक्यता शेकडा पाच’ असे ऐकून ती थांबत नाही.

‘प्राथमिक’ ह्या शब्दाचे काय झाले

अवस्थांची नावे जगभर फिगो ह्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गीकरणाप्रमाणे देतात. कित्येक दशके हे वर्गीकरण मुख्यतः हाताने केलेल्या तपासणीवर उभे होते. कारण हा रोग जेथे जास्त तेथे यंत्रे कमी, आणि जे वर्गीकरण गरीब देशांत वापरता येणार नाही ते काय कामाचे, असा त्यामागे विचार होता. त्यामुळे ग्रंथींत रोग असला तरी अवस्थेच्या नावावर परिणाम होत नसे.

२०१८ मध्ये हे बदलले. नव्या वर्गीकरणाची मांडणी करणाऱ्या लेखाच्या प्रथम लेखिका दिल्लीच्या एम्समधील डॉ. नीरजा भाटला होत. आता ओटीपोटातील ग्रंथींत रोग सापडला की अवस्था ‘३-सी-१’ होते आणि महाधमनीजवळच्या ग्रंथींत सापडला की ‘३-सी-२’, मग मूळ गाठ कितीही लहान असो. हे प्रतिमेवरून ठरले असेल तर पुढे ‘आर’ आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरले असेल तर ‘पी’ लिहावयाचे. हे एकेक अक्षर फार मोलाचे आहे. ‘आर’ म्हणजे अनुमान, ‘पी’ म्हणजे पाहिलेले.

आता ‘प्राथमिक अवस्थेतील कर्करोगात लसिकाग्रंथींचा सहभाग’ हे शीर्षक पुन्हा वाचावे. नव्या व्याख्येप्रमाणे ज्या स्त्रीच्या ग्रंथींत रोग आहे ती प्राथमिक अवस्थेत नाहीच, ती तिसऱ्या अवस्थेत आहे. शीर्षकच स्वतःला छेद देते. लेखकांना अभिप्रेत असते ते असे की, बाहेरून पाहता प्राथमिक वाटणाऱ्या स्त्रियांत. पण ‘वाटणाऱ्या’ हा शब्द गाळलेला असतो आणि सगळी गोम त्याच शब्दात आहे.

दुसरी अडचण जुन्या-नव्याची. २००९ च्या वर्गीकरणात ‘१-बी-१’ म्हणजे डोळ्यांना दिसणारी, ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ. २०१८ च्या वर्गीकरणात ‘१-बी-१’ म्हणजे २ सेंटिमीटरपेक्षा लहान, २ ते ४ च्या आतली ‘१-बी-२’ आणि ४ वा त्याहून मोठी ‘१-बी-३’. म्हणजे नाव तेच, स्त्रिया निराळ्या. जुन्या नोंदींवर तयार केलेला आलेख नव्या ‘१-बी-१’ ला लावला तर धोका जास्त सांगितला जाईल. तीन सेंटिमीटरची गाठ जुन्या कागदावर ‘१-बी-१’, नव्या कागदावर ‘१-बी-२’. नातेवाईक दोन कागद शेजारी ठेवतात आणि म्हणतात, रोग वाढला. वाढलेला नसतो, नाव बदललेले असते. कालिदासाच्या संस्कृतातला ‘मृग’ आणि आजचे हरिण ह्यांचा घोळ वर्गात समजावताना आपण जितकी काळजी घेतो तितकी ह्या लेखांत क्वचित घेतलेली दिसते.

शेकड्याचे गणित

‘अचूकता शेकडा ऐंशी’ असे वाक्य वाचले की वाचक खूश होतो. ते एका उदाहरणाने तपासू. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत, ते कोणत्याही एका अभ्यासाचे नाहीत.

समजा, एखादे गणित ग्रंथींत रोग असलेल्या शंभरांपैकी ऐंशी स्त्रिया बरोबर ओळखते आणि रोग नसलेल्या शंभरांपैकीही ऐंशी बरोबर ओळखते. आता शंभर स्त्रियांचा असा गट घ्या ज्यात पंधराजणींच्या ग्रंथींत रोग आहे. दिसणारी पण गर्भाशयमुखापुरतीच वाटणारी गाठ असेल तर शस्त्रक्रियेत साधारण ह्या आसपासचे प्रमाण सापडत आले आहे. पंधरांपैकी बाराजणी ओळखल्या जातील, तीन सुटतील. उरलेल्या पंच्याऐंशींपैकी अडुसष्टजणींना बरोबर ‘नाही’ सांगितले जाईल. म्हणजे ‘नाही’ असे एकाहत्तरजणींना सांगितले, त्यांतल्या तिघींच्या बाबतीत ते खोटे होते. शेकडा सुमारे चार.

आता तेच गणित, एक अक्षरही न बदलता, अशा गटाला लावा जेथे स्त्रिया उशिरा येतात आणि शंभरांत पस्तीसजणींच्या ग्रंथींत रोग आहे. अठ्ठावीस ओळखल्या जातील, सात सुटतील. पासष्टांपैकी बावन्नजणींना बरोबर ‘नाही’. म्हणजे एकोणसाठजणींना ‘नाही’ सांगितले आणि त्यांतल्या सातजणींना चुकीचे. शेकडा सुमारे बारा. पहिल्या गटात जे ‘नाही’ विश्वासाचे होते ते दुसऱ्या गटात तिप्पट धोक्याचे झाले. साधन तेच, अचूकता तीच.

म्हणून परदेशातील एखाद्या मोठ्या रुग्णालयात तयार झालेला आकडा कलबुर्गीला येऊन तोच राहत नाही. तो त्या स्त्रियांचा आकडा आहे ज्यांच्यापासून तो काढला. बहुतेक लेखांत हे शेवटच्या परिच्छेदात, ‘मर्यादा’ ह्या मथळ्याखाली, एका वाक्यात उरकलेले असते.

त्या स्त्रिया कोण होत्या हेही पाहावे. ग्रंथींत रोग खरोखर होता की नाही हे काढून तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून असे अभ्यास शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांवरच होतात. पण ज्यांच्या ग्रंथी स्कॅनमध्येच मोठ्या दिसल्या त्यांना पुष्कळदा किरणोपचाराकडे पाठवलेले असते, त्या ह्या नोंदींत नसतातच. चाळणीतून खाली पडलेल्यांचा अभ्यास करून धान्याच्या सगळ्या राशीविषयी बोलण्यासारखे हे आहे.

आणखी एक दोष तर मला अक्षम्य वाटतो. काही आलेखांत गाठ किती खोल गेली आहे आणि लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का, ह्या गोष्टी घातलेल्या असतात. ग्रंथींच्या दृष्टीने ह्या दोन्ही खुणा महत्त्वाच्या आहेत, ह्यात शंका नाही. पण त्या नेमक्या कळतात शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासल्यावर. लहान तुकड्याच्या तपासणीत त्या सुटू शकतात. शस्त्रक्रियेनंतर हाती येणाऱ्या माहितीवरून शस्त्रक्रियेपूर्वीचे ‘भाकीत’ करणे म्हणजे निकालपत्रक पाहून प्रश्नपत्रिका सोडवणे होय.

प्रश्नपत्रिकेवरून आठवले. संगणकीय प्रतिमावाचनाच्या लेखांत एका प्रतिमेतून शेकडो मोजमापे काढतात आणि रुग्ण असतात दोन-तीनशे. त्यांतल्या ग्रंथीबाधित स्त्रिया तीस-चाळीस. इतक्या थोड्या उत्तरांना इतक्या साऱ्या खुणांशी जुळवावयास बसले तर काही ना काही जुळतेच. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका पाठ केलेल्या विद्यार्थ्याला तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली तर त्याला पंच्याण्णव गुण मिळतील. त्याला विषय आला का हे कळण्यासाठी दुसऱ्या विद्यापीठाची प्रश्नपत्रिका द्यावी लागते. बाहेरच्या, परक्या रुग्णालयातील स्त्रियांवर पडताळणी झाली आहे का, हा प्रश्न म्हणून पहिला. असे लेख कसे लिहावेत ह्याचे ‘ट्रायपॉड’ नावाचे नियम २०१५ पासून उपलब्ध आहेत. ते पाळले गेले असते तर ह्या लेखातला निम्मा भाग लिहावा लागला नसता.

उमरग्याच्या अलीकडे आणि पलीकडे

येथवर झाली लेखनाची चिकित्सा. पण आपल्या भागाच्या दृष्टीने खरा प्रश्न त्याआधीचा आहे. ग्रंथींत रोग असण्याची शक्यता सर्वांत जास्त कशावर अवलंबून असते? अवस्थेवर. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या, तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोलीच्या रोगात ती शेकडा एकाहूनही कमी असते, दिसणाऱ्या गाठीत पंधरा-वीसपर्यंत जाते आणि रोग बाजूच्या ऊतींत शिरला की त्याहून बरीच वाढते. म्हणजे स्त्री कोणत्या दिवशी डॉक्टरांसमोर आली ह्यात बरेचसे उत्तर आहे.

आणि आपल्याकडच्या स्त्रिया कधी येतात? मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक ‘१-बी-२’ ते ‘२-बी’ अवस्थांतील ६३५ स्त्रियांची, दुसरी केवळ ‘३-बी’ अवस्थेतील ८५० स्त्रियांची. निष्कर्ष मोलाचे आहेत, परंतु येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी. एका रुग्णालयाला एकट्या ‘३-बी’ अवस्थेच्या साडेआठशे स्त्रिया चाचणीसाठी मिळतात. ह्या स्त्रियांच्या बाबतीत ‘प्राथमिक अवस्थेतील अनुमान’ हा विषयच निघत नाही.

ह्याला उपाय आहे का, ह्याचे उत्तर आपल्या शेजारीच शोधले गेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत आले. खेड्यांत वैद्यकीय कागद नसतात, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणे समजावत आणि संशयित रुग्णांना रुग्णालयापर्यंत आणत. हेतू नोंद करण्याचा होता. पण काही वर्षांतच डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आदी अभ्यासकांना असे आढळले की, त्या भागातील स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. ना नवे यंत्र आले होते, ना नवे गणित. कोणीतरी दारात येऊन, त्यांच्या भाषेत, अंगावरून अवेळी जाणाऱ्या रक्ताविषयी बोलले होते.

पुढची पायरी उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) पडली. त्याच जिल्ह्याचा उमरगा तालुका बसवकल्याणला लागून आहे आणि बसवकल्याणला लागून आमचे भालकी. त्या जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची, गावांचे ५२ समूह करून, चाचणी घेण्यात आली. काही समूहांत एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी, काहींत पॅप तपासणी, काहींत व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे आणि काहींत तपासणीच नाही. लियाँच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतील डॉ. शंकरनारायणन आणि बार्शी-मुंबईच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यांत १२७ जणींना कर्करोग निघाला. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया, त्यांत ११८ जणींना. हे आकडे जवळपास सारखे. पण दुसऱ्या किंवा पुढच्या अवस्थेत सापडलेल्या पहिल्या गटात ३९ आणि दुसऱ्या गटात ८२. मृत्यू ३४ आणि ६४. ह्या चाचणीत लसिकाग्रंथी मोजलेल्या नाहीत, हे खरे. तरीही अवस्था आणि ग्रंथी ह्यांचे जे नाते वर आले त्यावरून एवढे म्हणता येईल की, येथे स्त्रियांचा पुष्कळ मोठा हिस्सा ग्रंथी बाधित असण्याच्या शक्यतेतून बाहेर काढला गेला. आकड्यांवरून ग्रंथींचे अनुमान करणे आणि ते अनुमान ज्या आकड्यांवर उभे आहे ते आकडेच बदलणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संशोधनाचा पैसा आणि कौतुक सध्या पहिल्याच्या वाट्याला अधिक येते, असे माझे मत आहे.

ह्या चाचणीवर नंतर नैतिक आक्षेपही घेतले गेले. गर्भाशयमुखाची तपासणी उपयोगी असते हे जगाला ठाऊक असताना तीस हजारांवर स्त्रियांना तपासणीविना का ठेवले? त्यांना नेमके काय सांगून संमती घेतली? चाचणीच्या बाजूने उत्तर असे की, त्या जिल्ह्यात तशीही तपासणी कोणालाच मिळत नव्हती. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. पण आक्षेप मान्य केल्याने ३९ आणि ८२ हे आकडे खोटे ठरत नाहीत. उलट, ते वापरात न आणणे अधिक अवघड होऊन बसते.

आपल्या वाचकांशी संबंधित दोन गोष्टी

पहिली गोष्ट नाजूक आहे. मुंबईच्या कर्करोग नोंदणीवर आधारलेल्या जुन्या अभ्यासांत मुस्लिम स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले होते. पुरुषांची सुंता हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. ही माहिती आपल्या समाजात अर्धवट पोहोचली आहे. ‘हमारे में ये बीमारी नहीं होती’ असे वाक्य शिकलेल्या घरांतही ऐकू येते. येथे तोच शेकड्याचा घोळ आहे. गटात रोग कमी असणे ही एक गोष्ट, आणि ज्या एका स्त्रीला तो झाला तिच्या ग्रंथींत तो गेला आहे का ही दुसरी. पहिल्या आकड्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ‘आपल्यात होत नाही’ म्हणून ती उशिरा आली तर गटाचा कमी आकडा तिच्यापुरता उलटाच ठरतो. बच्चादानीच्या मुखाची तपासणी स्त्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका करू शकते. एचपीव्हीचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. संकोचाचे कारण त्यामुळे बरेच कमी होते.

दुसरी गोष्ट ‘पिशवी काढण्या’ची. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला आणि महाराष्ट्र शासनाने चौकशी समिती नेमली. त्याआधी २०१५ च्या सुमारास कलबुर्गी भागात लंबाणी स्त्रियांच्या अशाच शस्त्रक्रियांवरून आंदोलन झाले होते. ह्या प्रकरणांची चर्चा अनावश्यक शस्त्रक्रिया म्हणून झाली आणि ती योग्यच होती. पण त्यात एक बाजू राहून गेली. अंगावरून जाते म्हणून, गर्भाशयमुख न तपासता, साधी शस्त्रक्रिया करून पिशवी काढली आणि आत कर्करोग असला तर काय होते? गाठ किती मोठी होती हे मोजलेले नसते. ग्रंथी पाहिलेल्या नसतात. बाजूच्या ऊती तशाच राहिलेल्या असतात. जगातले कोणतेही अनुमानाचे गणित तेथे चालत नाही, कारण त्याला घालावयाचे आकडेच उरलेले नसतात.

अशी स्त्री काही महिन्यांनी पुन्हा रक्तस्राव घेऊन कलबुर्गीच्या किदवई उपकेंद्रात, हैदराबादला किंवा बार्शीला पोहोचते तेव्हा तेथील डॉक्टर पहिल्यांदा विचारतात की, काढलेली पिशवी तपासणीला पाठवली होती का आणि तिचा अहवाल कोठे आहे. कागद घेऊन आपल्याकडे येणाऱ्यांच्या पिशवीत बिले असतात, औषधांच्या चिठ्ठ्या असतात, सोनोग्राफीचा काळा फोटो असतो. तो अहवाल नसेल तर शस्त्रक्रिया जेथे झाली तेथे अर्ज करून त्याची प्रत, आणि तुकडा जपून ठेवला असेल तर मेणाचा ठोकळा व काचेच्या पट्ट्या, मागता येतात. तो अर्ज दोन ओळींचा असतो. रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची तारीख, शस्त्रक्रियेची तारीख, आणि काय हवे ते. तो कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहून द्यावा लागतो.